नक्को म्हणायची सोय

मावशी विमानाने निघाली की आदल्या रात्री हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या घरात पिनांची मोजदाद होते. पदराची एक, निऱ्यांची एक, खांद्यावरची एक. तिन्ही डबीत जातात आणि साडी नुसती खोचलेली राहते. पाटल्या हातातून निघत नाहीत, मंगळसूत्र ती काढत नाही आणि गुडघे काढायची तर सोयच नाही. दोन्ही बदललेले आहेत, आत धातू आहे. "देवळात आपण घंटा वाजवतो," ती म्हणते, "विमानतळावर आपणच वाजतो."

मावशीने विवेकवर्धिनीत भौतिकशास्त्र शिकवण्यात उमर घातली. मी मूसीकाठच्या उच्च न्यायालयात वकिली करतो. पहाटेच्या विमानाने ती पुण्याला लग्नाला निघाली होती. मी बॅग काट्याला लटकवून वजन बघत होतो, ती डबीचं झाकण लावत होती. तिथे सुरू झालेलं बोलणं शमशाबाद विमानतळाच्या दारापर्यंत चाललं.

मावशी : अंगभर बघणारं ते यंत्र आपल्याकडे सरसकट कधी येणार रे? 2019 च्या एप्रिलमध्ये पेपरात आलं होतं, 84 विमानतळांवर वर्षभरात बॉडी स्कॅनर बसणार म्हणून. मी कात्रण ठेवलं होतं. ते पिवळं पडलं.

मी : बीसीएएसचं परिपत्रक होतं ते, नागरी विमानांची सुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या खात्याचं. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्याला यंत्रात उभं राहायचं नाही त्याची हाताने झडती घ्यावी, असं त्यात होतं. म्हणजे यंत्राला नको म्हणायची वाट सरकारनेच ठेवली.

मावशी : वाट कसली डोंबलाची! यंत्र नाकारणाऱ्याला जे मिळणार, ते मला दर खेपेला न मागता मिळतं.

यावर मला पटकन काही सुचलं नाही. अमेरिकेतले खटले आणि तिथल्या प्रवाशांच्या तक्रारी वाचून माझं मत तयार झालेलं. तिकडे यंत्र हा रिवाज आणि हाताची झडती हा अपवाद. आपल्याकडे नेमकं उलट. इथे प्रत्येक बाई पडद्याआडच्या त्या खोपटात जाते, पाटाएवढ्या लाकडी ओट्यावर चढते, हात पसरते आणि समोरची जवान पोरगी हातातलं यंत्र तिच्या अंगावरून फिरवते. पुरुष उघड्यावर, बाया पडद्याआड, एवढाच फरक.

मावशी : ओट्यावर चढताना गुडघा दुखतो, ते सोड. एका विमानतळावर, नाव नको, मला म्हणाल्या, ऑपरेशनची खूण दाखवा. वीतभर व्रण आहे. दाखवायचा तर साडी मांडीपर्यंत घ्यावी लागते. पडदा अर्धाच ओढलेला. बाहेर एक गृहस्थ पट्टा चढवत उभे. चाळीस वर्षं वर्गात पदर सावरून उभी राहिले मी, आणि त्या दिवशी...

मी : तक्रार का नाही केलीस?

मावशी : विमान सुटत होतं. तक्रार करायला विमान चुकवावं लागतं. आता दुसरं ऐक. लेकीकडे न्यू जर्सीला गेले तेव्हा परतताना त्या काचेच्या कपाटात उभी राहिले. हात वर केले, तीन सेकंद. पडदा हिरवा झाला. गुडघे वाजलेच नाहीत! का वाजले नाहीत सांग.

मी : तू शिकवतेस की विचारतेस?

मावशी : शिकवते. आपल्या दाराच्या चौकटीत चुंबकीय क्षेत्र असतं. ते मांसातून आरपार जातं आणि धातूत प्रवाह उठवतं, म्हणून गुडघा बोंब मारतो. स्कॅनरच्या लहरी निराळ्या, 24 ते 30 गिगाहर्ट्झच्या. नाव मिलिमीटर लहरी, पण लांबी हिशेबाने सेंटिमीटरभर भरते. नाव ठेवणाऱ्याला मी नापास केला असता. तर त्या कापडातून जातात आणि कातडीवरून परत फिरतात. कातडीच्या आत काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. क्ष-किरणही नव्हेत, त्यामुळे भीतीचं कारण नाही. माझ्यासारखीला या यंत्राइतकं सभ्य कुणी नाही. त्याला हात नाहीत.

मी : सभ्य आत्ता झालंय. 2010 मधलं यंत्र तू पाहिलं नाहीस. डिसेंबर 2009 मध्ये नाताळच्या दिवशी ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला निघालेल्या विमानात एकाने चड्डीत शिवून आणलेली स्फोटकं पेटवायचा प्रयत्न केला. धातू नव्हता, म्हणून चौकट वाजली नाही. त्यानंतर अमेरिकेने घाईघाईने स्कॅनर बसवले. त्यातल्या एका जातीत खरोखरच क्ष-किरण होते, आणि पडद्यावर माणूस जवळजवळ उघडा दिसायचा. चित्र बघणारा दुसऱ्या खोलीत बसे. लोक बिथरले. कुणी रांगेत नकार दिला, कुणी कोर्टात गेलं, कायदेमंडळात प्रश्न आले. शेवटी त्या जातीची यंत्रं 2013 पर्यंत विमानतळांवरून हलवावी लागली. आता पडद्यावर लहान मुलाने काढावी तशी माणसाची बाह्याकृती असते आणि संशय येईल तिथे चौकोन उमटतो. तुझ्या गुडघ्यांशी अदबीने वागणारं हे यंत्र, मावशी, नको म्हणणाऱ्यांनी घडवलंय.

मावशी : बरं, हा मुद्दा तुझा. पण कोर्टाने काय म्हटलं?

मी : 2011 च्या जुलैमध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने यंत्राच्या बाजूने कौल दिला. ही झडती घटनेविरुद्ध नाही म्हणाले. मात्र तसं म्हणताना प्रवाशाला यंत्र नाकारून हाताची तपासणी घेता येते, हेही त्यांनी जमेस धरलं. नकाराची वाट होती म्हणून सक्ती टोचली नाही. पुढे 2015 च्या डिसेंबरात तिथल्या विमानतळ सुरक्षा खात्याने काही प्रवाशांना यंत्र सक्तीचं करायचा अधिकार स्वतःकडे घेतला.

मावशी : म्हणजे वाट ठेवायची आणि पाहिजे तेव्हा कुंपण घालायचं.

मी : देशोदेशी तऱ्हा निराळ्या. युरोपीय संघाने 2011 मध्ये नियम केला तेव्हा क्ष-किरणांना मनाई केली आणि नाकारायचा हक्क लिहून दिला. ब्रिटनने आधी सांगितलं, यंत्र नको तर विमान नको. 2010 मध्ये मँचेस्टरला दोघी मुस्लिम महिला यंत्रात न जाता तिकिटं सोडून परत फिरल्या. 2013 मध्ये ब्रिटनने नियम बदलला आणि आडोशाला हाताने तपासणीची सोय दिली. ऑस्ट्रेलियाने 2012 मध्ये कायदाच केला, दुखण्याचं कारण असेल तर ठीक, एरवी यंत्र नाही तर प्रवास नाही.

मावशी : ऑस्ट्रेलियाचं मला पटतं. रांगेत दोनशे माणसं. एकाने तत्त्व काढलं की मागच्या पन्नासांचं विमान धोक्यात. आणि कनिष्क विमान विसरलास? 329 माणसं समुद्रात गेली. तिथे कुणाच्या लाजेचा प्रश्न होता?

मी : कनिष्कातला बॉम्ब सामानाच्या बॅगेत होता, मावशी. बॅग चढली आणि तिचा मालक चढलाच नाही. तिथे शंभर बॉडी स्कॅनर असते तरी काय उपयोग? डेट्रॉइटबद्दलही अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षकांनी 2010 मध्ये सांगितलं, की ती स्फोटकं या यंत्राने पकडली असतीच असं म्हणता येत नाही. मी यंत्र फेका म्हणत नाही. यंत्राला देव करू नका म्हणतो. आपल्याकडे हातातल्या बॅगेच्या चिठ्ठीवर शिक्का मारायचे, आठवतं? शिक्का नसला की परत पाठवायचे.

मावशी : हौ. एकदा माझी चिठ्ठीच गळून पडली होती. रडकुंडीला आले होते.

मी : 2017 च्या एप्रिलपासून हैदराबादसकट सात विमानतळांवर तो शिक्का बंद झाला. काही बिघडलं? सुरक्षेत अत्यावश्यक काय आणि नुसती सवय काय, हे कुणीतरी विचारल्याशिवाय कळत नाही.

बॅग पंधरा किलोच्या आत बसली. मेतकुटाची पिशवी हातातल्या सामानातून काढून मोठ्या बॅगेत गेली. पिठाकडे जवान फार बारकाईने बघतात, हा मावशीचा अनुभव. दोन वाजता आम्ही निघालो. मेहदीपट्टणमपासून नरसिंह राव उड्डाणपुलावर चढलो की शहर खाली राहतं आणि गाडीत बोलायला निवांतपणा मिळतो.

मी : तुझे गुडघे यंत्राला दिसत नाहीत, म्हणून तुला यंत्र प्रिय. आपल्या काकूचं काय? आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटावर पिशवी आहे तिच्या. ती तर कातडीच्या बाहेर. यंत्र बरोब्बर तिथे चौकोन काढणार आणि यंत्राचा पडदा उघड्यावर असतो. मागचा माणूसही बघणार. काकूला काय सोपं? आधीच एका बाईला कानात सांगणं की सगळ्यांसमोर पोटावर चौकोन उमटणं?

मावशी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तिला पडद्याआडचं सोपं."

मी : निऱ्यांचंही तेच. एवढ्या घड्या एका जागी आल्या की यंत्र गोंधळतं. आणि साडी संशयाला कशी पुरते ते 2010 मध्ये दिसलं. आपल्या अमेरिकेतल्या राजदूत मीरा शंकर मिसिसिपीतल्या जॅक्सन विमानतळावर होत्या. साडी नेसल्या होत्या म्हणून त्यांना बाजूला घेऊन हातांनी चाचपलं. राजदूत असल्याचं सांगूनही.

मावशी : आणि आपल्याकडची सुधा चंद्रन? 'मयूरी' सिनेमा मी इथेच पाहिला, तेलुगूत. पाय गेलेली मुलगी जयपूर फूट लावून नाचते, तिचीच गोष्ट, तिनेच केलेली. थेटरात बायका रडत होत्या. त्याच बाईला दर खेपेला विमानतळावर पाय काढून दाखवायला लावायचे. 2021 मध्ये तिने हात जोडून व्हिडिओ केला.

मी : विमानतळांवर तपासणी करणाऱ्या सीआयएसएफने माफी मागितली. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कृत्रिम अवयव काढायला लावू नयेत, माणसाची प्रतिष्ठा राखून तपासणी व्हावी. ते प्रकरण जीजा घोष यांचं, ज्यांना अपंगत्वामुळे विमानातून उतरवलं होतं. पण बघ, सुधा चंद्रनला काय हवं होतं? तपासणी नको असं ती म्हणाली नाही. पाय काढायला नको, म्हणाली. दुसऱ्या एखाद्या यंत्राने बघा, म्हणाली.

मावशी : म्हणजे एकीला यंत्र हवं, एकीला हात हवा.

मी : तेच तर. एकाची सोय करणारं यंत्र दुसऱ्याला चव्हाट्यावर आणतं. सगळ्या अंगांना पुरेल असं एकच दार नाही.

मावशी : पण तू कायम 'नाकारायचा हक्क' म्हणतोस, ते मला खटकतं. नाकारणं म्हणजे 'नाही'. मला तपासू नका. तसं कुणाला म्हणू दिलं तर विमानात बसायची भीती मला वाटेल.

मी : मग 'नाही' सोड. हैदराबादेत आपण काय म्हणतो?

मावशी : नक्को.

मी : मराठीतून दखनीत गेलेला हा एक शब्द अख्खं शहर वापरतं. मुसलमान, तेलुगू, मारवाडी, सगळे. 'नाही' आणि 'नको' यांत फरक आहे. 'चहा घेतला नाही' ही बातमी झाली. 'चहा नको' म्हटलं की यजमान विचारतो, मग कॉफी? 'नको' म्हणणारा उठून जात नाही, बोलणं चालू ठेवतो. प्रवाशाचा हक्क एवढाच, की या रीतीने नको, दुसऱ्या रीतीने बघा. तपासणी तितकीच कडक, रीत वेगळी.

मावशी : शब्द छान फिरवतोस. पण त्या 'नक्को'ची किंमत कोण मोजतं? दुसरी रीत मुद्दाम कडू केली तर कोण निवडेल ती?

हा टोला मला लागला, कारण तो खरा होता. 2010 च्या शरदात अमेरिकेत यंत्र नाकारणाऱ्यांची झडती आधीपेक्षा घसटीची केली गेली. मग 24 नोव्हेंबरला, सुट्टीच्या ऐन गर्दीत, सगळ्यांनी मिळून यंत्र नाकारायचं असा पुकारा झाला. त्या दिवशी फारसं काही घडलंच नाही. बहुतेक लोक मुकाट यंत्रात शिरले.

मावशी : म्हणजे लोकांनी कौल दिला.

मी : कौल नाही, घाई. घरी जेवायला पोचायचं होतं. तू पण त्या दिवशी तक्रार केली नाहीस, विमान सुटत होतं म्हणून. मग व्रण दाखवायला तू राजी होतीस असं म्हणायचं का?

मावशी : ... नाही.

मी : पुट्टस्वामी खटल्यात 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि हेतूच्या मानानेच हात घालायला हवा. विमान सुरक्षित ठेवणं हा हेतू रास्त आहे, वादच नाही. पण अर्धा पडदा कुठल्या हेतूने? अटक केलेल्या बाईची झडतीसुद्धा बाईनेच, सभ्यता पूर्ण राखून घ्यायची, असं आपला फौजदारी कायदा सांगतो. तू तर तिकीट काढलंयस.

मावशी हसली. मग शिक्षिकेच्या आवाजात हिशेब मांडायला लागली.

मावशी : असं बघ. तुझ्या हक्काला तीन गोष्टी लागतात. एक, रांगेत शिरायच्या आधी पाटी हवी, आपल्या भाषेत, की दोन रीती आहेत, कुठली पाहिजे ते सांगा. यंत्राच्या तोंडाशी उभं राहून नको म्हणायची हिंमत माझ्यासारखीत नाही. दोन, पडदा पुरा ओढला जाईल अशी जागा आणि बसायला खुर्ची. तीन, नको म्हणणाऱ्याला जास्त वेळ लागू नये. पण मग माणसं जास्त लागतात, यंत्रं जास्त लागतात. शमशाबादला जमेल एक वेळ. लहान विमानतळावर एक चौकट आणि दोन पोरी. तिथे काय करशील?

मी : तिथे यंत्रच नसेल, तर हाताला नको म्हणता येणार नाही.

मावशी : मग माझा हक्क गेला!

मी : गेला. मला उत्तर नाही. निदान पुरा पडदा आणि विचारून लावलेला हात, एवढं तरी पैशाशिवाय होण्यासारखं आहे.

आरामघर मागे पडलं. विमानतळाचे दिवे दिसायला लागले.

मावशी : आणि ते चेहऱ्याचं यंत्र? शेजारची पोरगी म्हणत होती, डिजियात्रा घ्या, आजी, रांग नाही.

मी : शमशाबादला त्याची चाचणी 2019 मध्येच झाली, 2023 च्या मार्चपासून ते रीतसर चालू आहे. ऐच्छिक आहे. तू तर यंत्रांची भक्त. घे की.

मावशी : नक्को. स्कॅनर विचारतो, अंगावर काय आहे. माझं नावसुद्धा त्याला ठाऊक नसतं. मी पुढे गेले की तो मला विसरला. चेहऱ्याचं यंत्र विचारतं, तू कोण. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या विमानापुरतं असतं. दुसऱ्याचं जन्मभराचं.

मी : म्हणतात की माहिती फोनमध्येच राहते आणि विमानतळाकडची प्रत 24 तासांत पुसतात. उलट स्कॅनर विसरतो म्हणतेस, तो विसरायला लावला तरच विसरतो. 2010 मध्ये फ्लोरिडातल्या एका न्यायालयाच्या दारातल्या स्कॅनरने 35,000 हून जास्त चित्रं साठवल्याचं बाहेर आलं.

मावशी : मग दोन्हीकडे प्रश्न एकच. पुसलं की नाही, हे बघणार कोण?

मी : याच शहरात 2021 च्या टाळेबंदीत पोलिसांनी एका कार्यकर्त्याला रस्त्यात थांबवून मास्क काढायला सांगितलं आणि फोटो काढला. तो उच्च न्यायालयात आला, चेहरे ओळखणारी ही यंत्रणा कुठल्या कायद्याने चालवता म्हणून. विमानतळावर निदान शेजारी दुसरं दार आहे. रस्त्यावर दुसरा चेहरा कुठून आणणार?

शमशाबादला सोडायला आलेल्याला काचेच्या आत जाता येत नाही. मी बाहेरून बघत होतो. कॅमेऱ्याच्या दाराशी उभ्या मुलाने हाताने खूण केली, मावशीने मान हलवली, त्याने तितक्याच सहज शेजारचं दार दाखवलं. तिथे तिने कागदाचं तिकीट आणि आधार पुढे केलं आणि आत गेली. मागे कुणी खोळंबलं नाही.

सकाळी पुण्याहून फोन आला.

"पोचले. गुडघे वाजले."

"मग?"

"पोरगी होती विशीतली. तेलुगूत म्हणाली, अम्मा, कुठे वाजतंय, हात लावू का? पडदा ओढला, बसवलं. मी म्हटलं, लाव."

"बघ, म्हणजे नुसतं विचारलं तरी..."

"थांब, पुढचं ऐक. मी तिला विचारलं, दिवसाला किती बायका गं? हसली नुसती, हात झाडले आणि पुढचीला बोलावलं. तू माझ्या नक्कोचं लिहितोयस ना, तिच्या हातांचंही लिही. सबंध दिवस परक्या बायकांची अंगं चाचपायला तिला आवडत असेल का, हे तिला कुणी विचारलंय?"